मोटारीचं पिल्लू

आमच्या पोलादपूरच्या घरात बोलणं कमी आणि ठोकणं फार. सकाळी डोळा उघडायचा तो आबांच्या रंध्याच्या सर्रर्र आवाजाने, आणि झोप लागायची ती आईच्या जात्याच्या घरघरीने. आबा म्हणजे माझे वडील, गावचे सुतार. नांगर, जू, उखळ, पाळणे, देवाचे पाट, बैलगाडीची चाकं, सगळं आमच्या पडवीतून जन्माला यायचं. चुलीत लाकडाचे छिलके आणि भुसा, त्यामुळे आमच्या भाताला कधी सागाचा वास, कधी फणसाचा. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, पावसात कुळथाचं पिठलं, आणि पिठल्यात हमखास एखादा छिलका. आबा तो बोटाने बाजूला काढायचे, निरखून बघायचे आणि म्हणायचे, "शिवण हाय." आई म्हणायची, "जेवताना तरी लाकूड सोडा!" रोज हेच. आज माझ्या सुनेच्या स्वयंपाकाला कसलाच वास येत नाही, गॅस आहे ना. मी तसं म्हटलं की तिला राग येतो.

लहानपणी पडवी म्हणजे माझं राज्य होतं. भुशात लोळायचं, खिळे वेचायचे, आबांच्या कानावरची पेन्सिल पळवायची. चौथीपर्यंत शाळेत गेले, त्यामुळे हे सगळं आज स्वतःच्या हाताने लिहिते आहे. मग मी शहाणी झाले. बायका असंच म्हणतात. मुलगी शहाणी झाली, आणि त्या दिवसापासून तिला कशाचाही पत्ता लागू द्यायचा नाही, हा कुठला शहाणपणा देव जाणे. शाळा सुटली. पडवीत गिऱ्हाइकं येतात म्हणून पडवी बंद. पाण्याला आईबरोबर जायचं, मान खाली घालून यायचं. बाकी वेळ माजघरात. आमच्या माजघराला एकच दार, तेही पडवीत उघडणारं, आणि दिवसभर लोटलेलं. फटीला डोळा लावला की आबांचं अर्धं अंग दिसायचं, एक खांदा आणि एक कान. मी चिडून भांडी आपटायची. आई म्हणायची, "भागे, भांड्यांचा काय दोष गो?" मी म्हणायची, "मग माझा काय दोष हाय?" तिनेही जन्म त्याच फटीतून बघत काढला होता.

त्याच पावसाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा महाडजवळच्या सव गावचा, आमच्यातलाच, मुंबईला गिरणीच्या सुतारखात्यात. मुलगा म्हणायचा आपला, वय झालेला बिजवर होता. पहिली बायको बाळंतपणात गेलेली. तो शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचा, बाकी वर्षभर घरात त्याची आई आणि तिच्या म्हशी. म्हणजे बायको हवी होती ती खरी त्या बाईला आणि त्या म्हशींना. आबा घर बघून आले, पाय धुतले, आणि पाटावर बसून नुसते भिंतीकडे बघत राहिले. आईने विचारलं, "कसं हाय घर?" आबा म्हणाले, "भक्कम हाय. वासे सगळे ऐनाचे. चौकटी सागाच्या." आणि मग जरा थांबून, "पण खिडकी नाय. एकपण नाय. दिवसाचा दिवा लावतात." आई म्हणाली, "घराला खिडकी नाय म्हणून काय पोरगी देत नाय काय कोण?" झालं. सुपारी फुटली. लग्न तुळशीचं लग्न लागल्यावर. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नसावं. मला ते लग्न नको होतं. इतकं नको होतं की रात्री त्या न पाहिलेल्या घराचा अंधार मला गळ्याशी आल्यासारखा वाटायचा.

आणि अशात आमच्या पडवीत मोटारीचं पिल्लू आलं.

महाडला अंतूशेट म्हणून एक गृहस्थ होते, त्यांची माणसं वाहणारी मोटार महाडहून पोलादपूर आणि पुढे घाट चढून महाबळेश्वरला जायची. वर जाताना सुकी मासळी आणि मीठ, येताना बटाटे. हे सगळं मोटारीच्या टपावर. ओझ्याने मोटार वळणावर डुलायची, पावसात मीठ पाघळून माणसांच्या डोक्यावर यायचं, आणि मासळीच्या वासाने वरचे साहेबलोक आणि त्यांच्या मडमा नाकाला रुमाल लावून बसायच्या. म्हणून शेटच्या डोक्यात आलं की मोटारीच्या मागे ओढायला एक बंद पेटी करावी. दोन चाकांची, चारी बाजूंनी झाकलेली, वास बाहेर येणार नाही आणि पाणी आत जाणार नाही अशी. ते तिला ट्रेलर म्हणायचे. एक जुनी मोटार त्यांनी मोडीत काढली होती, तिचा आस आणि रबरी चाकं त्यांनी आमच्या अंगणात आणून टाकली. पोरं त्या चाकांवर बसून बोटांनी रबर दाबून बघायची.

आबांनी जन्मभर बैलगाड्या केलेल्या. त्यांनी ऐनाचा सांगाडा केला, वर जाड फळ्या मारल्या, आणि असा काही दणकट डबा उभा केला की गणपतीला गावाने त्यात आरास मांडली असती. हसन ड्रायव्हरने तो मोटारीला लावला आणि गावाबाहेरच्या चढावर मोटार जी फुरफुरायला लागली, की तिचं पाणीच उकळलं. अंतूशेट कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अहो सुतार, मी पिल्लू सांगितलं होतं. तुम्ही मोटारीला सासू आणून बांधलीत!" सगळा गाव हसला. आबा नाही हसले. रात्री जेवले नाहीत. पडवीत जाऊन त्या डब्याभोवती फेऱ्या घालत राहिले. सकाळी त्यांनी तो आपल्या हाताने सगळा मोडला, आणि आईला म्हणाले, "हलकी करायची. अशी करायची का तू एक बाजू न मी एक बाजू उचलली पायजे." आई म्हणाली, "मला कशाला घालता त्यात?" पण तिला बरं वाटलं असावं, कारण त्या दिवशी भाकरीबरोबर अंड्याची पोळी होती.

मग तो सगळा पावसाळा आमच्या घरात त्या पेटीचाच. खाली शिवणीच्या लाकडाचा बारीक सांगाडा, कारण शिवण हलकी आणि किडत नाही. वर कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, कमानी. ओला कळक विस्तवावर शेकायचा, आबा गुडघ्यावर घेऊन हळूहळू वाकवायचे, आणि फट् करून एखादा फुटला की अशी शिवी द्यायचे की आई देवघरात जाऊन घंटा वाजवायची. चाकं कुठे घ्यायची याचा त्यांना फार घोर. बैलगाडी मागे जड झाली की उलाळते, जू वर उचललं जाऊन बैलांना गळफास बसतो. पुढे जड झाली तर बैलांच्या माना मोडतात. मोटारीला मान नाही, पण आबा म्हणायचे, "हाय, मान सगळ्यांना असते." भाताची पोती पुढेमागे सरकवून ते दांडी हातात धरून वजन बघायचे, आणि शेवटी एक दिवस त्यांनी ती दांडी आईच्या हातात दिली. ती एका हाताने उचलून उभी राहिली, दुसऱ्या हातात कालथा. तेव्हा आबा हसले.

वरून फळ्या नाहीत तर काय लावायचं? आबा महाडच्या बंदरावर गेले आणि गलबताचं जुनं शीड घेऊन आले. वाऱ्यापावसात वर्षानुवर्षं भिजलेलं, ऐनाच्या सालीत रंगवलेलं, तांबूस काळं, कातड्यासारखं चिवट कापड. ते कमानींवर ताणून बसवायचं, शिवायचं आणि वरून अळशीच्या तेलात राळ उकळून त्याचे हात द्यायचे. आता शिवायचं कोणी? पुरुषाने दाभण धरायचं नाही असं काही नाही, पण आबांची बोटं जाड. म्हणून चाकं काढून, आडवी करून पेटी पडवीतून माजघरात आली. पडवी माझ्याकडे चालत आली! आई आणि मी समोरासमोर बसून दाभणाने, मेण लावलेल्या सुतळीने ते शीड शिवायचो. तेलाच्या आणि राळेच्या वासाने डोकं उठायचं, भाताला राळ, ताकाला राळ. पण मला त्या कापडाला समुद्राचा वास यायचा. मी समुद्र कधी पाहिला नव्हता. हे कापड मात्र कुठकुठे जाऊन आलं होतं, आणि शेवटी माझ्यासारखंच माजघरात येऊन पडलं होतं.

शिवून झालं, पेटी परत चाकांवर चढली आणि मग आबांनी एक पद्धत काढली. मला आत बसवायचं, मागचं दार लावायचं, बाहेरून कडी घालायची. आतून कडी नव्हतीच. आत कोण बसणार होतं? मासळी आणि बटाटे. मग पेटी अंगणात उन्हात ढकलायची. आत काळोख. आणि त्या काळोखात जिथे म्हणून टाका सैल, जिथे कापडाला भोक, तिथे उजेडाचा एक ठिपका. बाहेरून आबा विचारायचे, "उजेड दिसतो काय गो?" मी म्हणायची, "दिसतो." "कुठं?" "डाव्या हाताला, दुसऱ्या कमानीच्या खाली." "घाल टाका." मी टाका घालायची, उजेड जायचा. पुन्हा, "दिसतो काय गो?" रोज दुपारी हे. रोज थोडा उजेड कमी. आणि काम चोख व्हावं म्हणून मीच डोळे फाडफाडून शेवटचे ठिपके शोधायची, मीच ते बुजवायची. एकदा आत बसल्या बसल्या माझ्या मनात आलं की अगं बाई, हे सवचं घरच आहे, आणि मीच ते शिवते आहे. मला घाम फुटला. मी दारावर थापा मारल्या. आबांनी कडी काढली, माझं तोंड बघितलं आणि म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "आबा, मला सवला नाय जायचं." आबांनी कडी तशीच हातात धरली. "शब्द दिलाय गो," ते म्हणाले, आणि घरात निघून गेले. आमच्या घरात बोलणं कमीच, सांगितलं ना.

दसऱ्याला पेटी न्यायचं ठरलं. आमच्याकडे आदल्या दिवशी करवत, रंधा, पटाशी, वाकस सगळ्यांची पूजा होते, त्यांना झेंडूची फुलं, गोड भाताचा नैवेद्य. त्या पूजेत या वर्षी पेटीही होती, दांडीला आंब्याचा टाळा बांधलेली, तेलाने चकचकणारी. दसऱ्याच्या सकाळी अंतूशेटची मोटार घाटातून येणार, पेटी मागे लावणार आणि महाडला जाणार. आबा मोटारीत बसून बरोबर जाणार, कारण पहिला माल त्यांच्या डोळ्यांसमोर भरला जायला हवा. आता आमच्याकडे नव्या गाडीचे नियम कडक. पहिल्या खेपेला गाडी रिकामी निघत नाही, कुमारिकेने आत तांदूळ-नारळ ठेवायचा. एकदा चाक फिरलं की गावाची वेस ओलांडेपर्यंत गाडी थांबवायची नाही. आणि काही झालं तरी मागून हाक मारायची नाही. मागून हाक मारली की त्या गाडीला जन्मभर खोट. हे नियम मोटारीच्या पिल्लाला लागू होतात का, असं कोणाला विचारायचं सुचलं नाही. चाकं आहेत ना, मग झालं.

मोटार आली ती भोंगा वाजवत. अंगणात गर्दी. आईने माझ्या हातात सूप दिलं, तांदूळ, नारळ, हळकुंड. घरातली कुमारिका मीच, आणि पुढच्या महिन्यापर्यंतच. म्हणाली, "ठेव न बाहेर ये लगेच." मी आत शिरले, सूप ठेवलं, हात जोडले. आणि तेवढ्यात वर बघते तर काय, मागच्या कमानीपाशी एक उजेडाचा ठिपका! मेला कुठे लपून बसला होता इतके दिवस! माझी सुतळी, दाभण आणि टाका तोडायचा बारका चाकू कमरेला होताच, पावसाळाभर तो माझा दागिनाच झाला होता. म्हटलं, लोक बघणार, शेट बघणार, आबांच्या कामात खोट नको. मी कोपऱ्यात सरकून टाका घालायला बसले. बाहेर नारळ फुटला. "मुहूर्त चाललाय, चला चला!" कोणीतरी ओरडलं, आणि हसनने आत न बघता दार लोटून कडी घातली.

मला काही वाटलं नाही. पावसाळाभर माझ्यावर कडी पडतच होती. मी बसल्या बसल्या आबांच्या आवाजाची वाट बघत होते, उजेड दिसतो काय गो. त्याऐवजी खालून मोटार गुरगुरली आणि मी पाठीवर पडले. तांदूळ सगळा अंगावर. मी ओरडले, "आबा! आबा! आई गो!" मोटारीच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? पेटी इतकी चोख बांधलेली की माझा आवाजसुद्धा बाहेर गेला नसेल. आईने मागाहून मला सांगितलं. तिला वाटलं मी गर्दीतून वाट काढून माजघरात गेले, म्हणून ती घरात बघायला आली, आणि मग तिच्या लक्षात आलं. धावत वाटेवर आली, तोंड उघडलं, आणि शेजारच्या म्हातारीने तिचा दंड धरला, "मागून हाक मारू नको गो!" आई पदर तोंडात कोंबून तिथेच उभी राहिली, पोर पेटीत गेली, आणि हाक मारायची नाही. त्याच दिवशी तिच्या डाव्या डोळ्याची पापणी फडफडायला लागली. मरेपर्यंत फडफडत होती.

आत मी रडले. लाज कशाला वाटायची, चांगली हंबरडा फोडून रडले. हवा गरम, राळेचा वास, नारळ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गडगडत माझ्या नडगीवर आपटायचा. जीव घुसमटायला लागला. आणि मग मला त्या चाकूची आठवण झाली. मागची शिवण माझ्याच हातची. कुठला टाका कुठे आहे हे मला पाठ. मी चाकू घातला आणि टरकन् खाली ओढला, चांगला हातभर. सबंध पावसाळ्याचे टाके पटापट तुटले. वारा आत आला आणि उजेड आला, ठिपका नव्हे, लांबच्या लांब पट्टा. मी त्याला दोन्ही बोटांनी फाकवला आणि तोंड लावलं.

काय सांगू काय दिसलं. सगळं मागे मागे जात होतं. रस्ता माझ्या पायाखालून निघून मागे पळत होता. सावित्री एका अंगाला, तिच्यात म्हशी. पिकून पिवळी झालेली भातशेतं, मोटारीच्या मागे धावणारी आणि धाप लागून थांबणारी पोरं. डोक्यावर भारा घेतलेली एक बाई बाजूला उभी राहिली होती, तिला पेटीच्या फटीत एक डोळा दिसला. ती किंचाळली आणि भारा टाकून पळाली. मला हसू आलं! तशा त्या पेटीत, तांदळात बसून मी खदखदून हसले. मान खाली न घालता मी इतका रस्ता कधी पाहिला नव्हता. कोंडलेली होते म्हणून मोकळी होते, असा सगळा विचित्र प्रकार. आणि मग माझ्या मनात आलं, महाडला दार उघडेल. बाजार भरलेला असेल. ठरलेली मुलगी माणसांच्या गर्दीत मासळीच्या पेटीतून निघाली, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सवला पोचेल. सोयरीक मोडेल! मी ओरडायची थांबले. पुढे वाटेत मोटार माणसं घ्यायला थांबली, तेव्हा हाक मारली असती तर ऐकू गेली असती. नाही मारली. गप्प बसून नारळ मांडीवर घट्ट धरून ठेवला आणि म्हटलं, मोडू दे.

महाडच्या बाजारात मोटार थांबली, अंतूशेट हार घेऊन उभे, मासळीवाल्या बायका पाट्या घेऊन तयार. आबांनी स्वतः कडी काढली. दार उघडलं, आणि मी. केसांत तांदूळ, मांडीवर नारळ. आबांचा चेहरा असा झाला की मला एकदम भीती वाटली, माझ्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी. "ही कोण?" शेट म्हणाले. "माझी लेक," आबा म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "वाटेत मोटार थांबली व्हती. हाक का नाय मारलीस गो?" मी म्हटलं, "नव्या गाडीला मागून हाक मारायची नाय ना. मी मागं व्हते."

एक मासळीवाली फिस्सकन् हसली, मग सगळा बाजार. हसन कपाळावर हात मारून "या अल्ला, बच्ची अंदर थी!" करत राहिला. पण शेटची नजर आत गेली होती. "सुतार, हे फाडलं कोणी? नवी पेटी! पाणी नाही का शिरणार यातून?" माझं काय व्हायचं ते होवो, पण आबांची सगळ्या पावसाळ्याची मेहनत. आबांनी फटीकडे बघितलं. माझ्या कमरेच्या चाकूकडे बघितलं. आणि तोंडातल्या तोंडात शब्द घोळवत म्हणाले, "फाडलं नाय शेट. खिडकी हाय ती. झापड शिवायची राहिलीय, ती आता शिवून देतो. तुमी येताना बटाटे आणणार. बटाटा कोंडला का घाम धरतो न कुजतो. जित्या मालाला वारा लागतोच." शेटनी डोकं आत घालून बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाले, "मग हे आधी नाही का सांगायचं? दुसऱ्या बाजूलाही एक करा." मी तिथेच, बाजाराच्या मध्ये, पेटीत बसून झापड शिवली. आबांनी मला कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणि कपबशीत चहा आणून दिला. पाव मी पहिल्यांदा खाल्ला. आबा पेटीला टेकून उभे होते, माझ्याकडे पाठ करून, कोणी बघू नये म्हणून आडोसा केल्यासारखे. मी म्हटलं, "आबा, आता ते सवचे नको म्हणतील काय?" आबा फक्त म्हणाले, "पाव बुडवून खा, मऊ लागतो."

मग मी वाट बघितली. कशी वाट बघितली ते माझं मला माहीत. आणि सवहून माझी होणारी सासू आली. पायात वहाणा, हातात काठी, दारातूनच आवाज. मी आत देवाला हात जोडले, आता बोलेल, आता मोडेल. आणि ती बया काय म्हणाली असेल? अंतूशेटची पेटी म्हणे पहिल्या खेपेपासून अशी चालली, अशी चालली, की शेट बाजारभर सांगत सुटला आहे, सुताराची मुलगी लक्ष्मी होऊन पहिल्या गाडीत बसून आली, तिचा पायगुण. "असली पायगुणाची पोर आमाला मिळतेय," ती आईला म्हणाली, "आता एक दिवस थांबायचं नाय. तुळशीचं लगीन झालं का दुसऱ्याच दिवशी उरकू." आईला आनंदाने रडू आलं. मला कशाने रडू आलं ते कोणी विचारलं नाही. आजही त्या पायगुण शब्दाची मला चीड आहे. आमच्या घरात कोणी नव्या सुनेच्या पायगुणाचं काढलं की मी उठून बाहेर जाते.

लग्न झालं. सवचं घर आबांनी सांगितलं तसंच निघालं, वासे ऐनाचे, चौकटी सागाच्या आणि आत मिट्ट काळोख. नवरा हळद उतरायच्या आत मुंबईला गेला. माणूस वाईट नव्हता, पण पुढे कितीतरी वर्षं मला त्याचा चेहरा दिव्याच्या उजेडातलाच आठवायचा. जवळच उन्हाळी आहेत, जमिनीतून कढत पाणी येतं, लांबलांबून माणसं अंगदुखी घालवायला येतात. मी तिथली सून, पण तिकडे जायची परवानगी नाही. दिवसभर चुलीपुढे, भर दुपारी दिवा, डोळ्यांत धूर. मी भिंतीला हात लावून लावून चालायची. आणि अधूनमधून, माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं सासूला वाटायचं ते यामुळेच, मी भिंतीवर ठिपका शोधायची. एकही नव्हता. फार चोख बांधलेलं घर.

शिमग्याच्या आधी एका सकाळी अंगणात आबांचा आवाज आला. महाडपर्यंत मोटारीने, सामान मागच्या पेटीत टाकून, आणि पुढे चालत आले होते. खांद्यावर एक नवी चौकट, शिवणीची, गज बसवलेली, झापडीला बारीक बिजागरी. हातात हत्यारांची थैली. सासूबाई म्हणाल्या, "व्याही, हे काय आणलंत?" आबा म्हणाले, "विहीणबाई, मागल्या खेपेला तुमची भाताची कणगी बघितली. कोंडलेलं भात घाम धरतं. चुलीकडच्या भिंतीला वारा पायजे, नायतर वर्षाचं भात कुजल." भाताचं नाव काढल्यावर सासूबाई काय बोलणार? त्या म्हशींकडे गेल्या. आबांनी मातीची भिंत पाण्याने भिजवली आणि पहारीने खणायला लागले. पहिलं ढेकूळ बाहेरच्या बाजूला पडलं आणि माझ्या चुलीवर, माझ्या हातांवर, पीठ मळायच्या परातीवर ऊन पडलं. माझे हात मी कित्येक दिवसांत धड पाहिले नव्हते. पलीकडे रस्त्याचा एक तुकडा दिसत होता, आणि त्यावरून एक कोंबडी चालली होती. मी त्या कोंबडीकडे बघून रडायला लागले.

आबा चौकट बसवत होते. खिळे ओठांत धरलेले, नेहमीसारखे. मी त्यांच्याजवळ गेले. मला त्यांच्या पाया पडायचं होतं आणि त्यांना धरून गदागदा हलवायचंही होतं. दोन्ही नाही केलं. म्हटलं, "आबा, खिडकी आणलीत. दार नाय आणलंत?"

आबांनी हातोडी खाली ठेवली. मग ओठांतले खिळे तळहातावर घेतले आणि म्हणाले, "दार मोठं व्हतं गो. पेटीत मावलं नाय."

आणि एक खिळा उचलून ठोकायला लागले.